दर्शनी भागात लावावे

आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी वीस दिवसांत पंधरा किलो वजन कमी केलं, ही बातमी मला सकाळी सव्वासातला त्यांच्याच ईमेलवरून कळली. 'मी केलं, तुम्हीही करा,' असं त्यांनी लिहिलं होतं आणि खाली एका गोळीचं चित्र होतं. चहाचा कप हातात तसाच धरून मी खिडकीतून खाली पाहिलं. अध्यक्ष कुंड्यांना पाणी घालत होते. वजनमापे निरीक्षक म्हणून माझी अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली आहे. पोत्याकडे नुसतं बघून मी दोनशे ग्रॅमचा फरक सांगतो. अध्यक्षांमध्ये पंधरा किलो सोडा, पंधरा ग्रॅमचीही घट झालेली नव्हती.

मी तसाच खाली गेलो आणि त्यांना मोबाइल दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग ते पायरीवर बसले आणि हातातली झारी त्यांच्याच चपलांवर रिकामी होत राहिली.

"हे मी लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "मला तर ही गोळी कुठे मिळते तेही माहीत नाही."

पुढच्या अर्ध्या तासात कळलं की बेचाळीसच्या बेचाळीस घरांना तो ईमेल गेला होता. आणि त्यातल्या दोघांनी गोळी मागवलीही होती! कोणीतरी, कुठूनतरी, न दिसता अध्यक्षांच्या संगणकात शिरलं आणि त्यांच्या नावाने त्यांच्याच पोटाची जाहिरात करून गेलं. मी घरी आलो आणि आधी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या आमच्या संगणकाची वायर भिंतीतून उपटली.

कारण त्या संगणकात माझ्या बायकोचं पुस्तक होतं.

बायको शाळेत भूमिती शिकवते. ज्या मुलांना भूमितीची भीती वाटते त्यांच्यासाठी ती अकरा वर्षं एक पुस्तक लिहीत होती. तीनशे बारा पानं, सहाशे चाळीस आकृत्या, आणि प्रत्येक आकृती तिने स्वतः काढलेली. शेवटी एका प्रकाशकाचं पत्र आलं होतं की वीस तारखेपर्यंत सगळं पुस्तक हातात पडलं तर याच वर्षी छापू, नाहीतर दोन वर्षांनी बघू. ते पत्र तिच्या पर्समध्ये असायचं. दिवसातून एकदा ती ते उघडून बघायची, तारीख बदललेली नाही ना याची खात्री करायला.

"आपला संगणक सुरक्षित केला पाहिजे," मी म्हणालो.

"तुम्हाला काय करायचं ते करा," ती वह्या तपासता तपासता म्हणाली, "फक्त माझ्या पुस्तकाला हात लावू नका."

"हात कोण लावतंय? मी फक्त सुरक्षित करतोय."

हे वाक्य आमच्या घरात आता कायमचं झालं आहे. मी साधी बरणी उचलली तरी ते मला ऐकवलं जातं.

आता संगणक सुरक्षित करायचा म्हणजे काय, हे मला कुठे माहीत होतं! म्हणून मी शेजारी विचारलं. माणसाने आयुष्यात ज्या चुका टाळाव्यात त्यांची यादी मी कधी केलीच, तर ही पहिली असेल.

समोरच्या दारातले विमावाले म्हणाले, "विंडोजच ठेवा. अहो, जगात सगळ्यात जास्त लोक तेच वापरतात. एवढे लोक वेडे आहेत का?"

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य जिन्यातूनच ओरडले, "सगळ्यात जास्त लोक वापरतात म्हणूनच सगळ्यात जास्त चोर तिकडे जातात! मॅक घ्या. मी नऊ वर्षं वापरतोय, कधी काही झालं नाही."

"तुमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे? लोकांच्या दाढांचे फोटो?" विमावाले म्हणाले.

दोघांची अशी जुंपली की मला मध्ये पडून दोघांनाही आपापल्या दारात नेऊन सोडावं लागलं. गेली सहा वर्षं एकमेकांना फक्त मान हलवून दाखवणारी ही माणसं! एवढा जीव ती आपल्या संगणकांत अडकवून बसली असतील, अशी मला कल्पनाही नव्हती.

मग माझा मेहुणा आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण वाद कुठे चालू आहे हे त्याला आपोआप कळतं.

"भाऊजी, दोन्ही सोडा. लिनक्स टाका. त्याचं सगळं आतलं लिखाण उघडं असतं. जगात कोणीही वाचू शकतं."

"उघडं असतं?" मी दचकलो. "आणि म्हणून ते सुरक्षित?"

"म्हणूनच. हजार लोक बघतात, मग भोक कुठे आहे ते कोणाला तरी दिसतं आणि ते बुजवलं जातं."

मी हसणार होतो, पण हसू ओठांवरच राहिलं. आमच्या खात्याचा नियम आहे की दुकानदाराने तराजू अशा जागी ठेवावा की गिऱ्हाइकाला काटा दिसेल. झाकलेला काटा आला की तिथे घोळ असतो. म्हणजे मेहुणा बरोबर बोलत होता. लग्नानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे मी विषय बदलला.

पण माझं ठरलं. अठ्ठावीस वर्षांत मी दुकानदाराच्या शब्दावर एकही शिक्का मारलेला नाही. तिन्ही प्रणाली आमच्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडायच्या आणि त्यांची रीतसर तपासणी करायची. आमचा संगणक विंडोजचा होताच. दंतवैद्यांनी आपला मॅक आणायचं कबूल केलं, मेहुण्याने आपला लिनक्सवाला. फोडायला कोण, हा प्रश्न होता, तो थोरल्या बहिणीने सोडवला.

"अरे, माझ्या मुलीला बोलाव की. तिचं कामच ते आहे."

"ती तर बँकेत आहे ना?"

"बँकेत आहे. बँकेचे संगणक फोडते. बँकच तिला पगार देते त्याचा."

मी थक्क झालो. ज्या भाचीला मी सायकल शिकवली ती गेली चार वर्षं पगारी घरफोडी करत होती आणि मी चारचौघांत 'भाची बँकेत आहे' म्हणून मिरवत होतो.

रविवारी सकाळी अकरा ही वेळ ठरली. आता तपासणीचे काही नियम असतात. पहिला नियम असा की सगळे तराजू एकाच प्रमाण वजनाने तपासायचे. एका तराजूला एक वजन आणि दुसऱ्याला दुसरं लावलं तर तुलना कशी होणार? म्हणून मी तिन्ही संगणकांना एकच पासवर्ड लावायला लावला. आमच्या घरच्या संगणकाचा आणि बायकोच्या ऑनलाइन खात्याचा जो होता, तोच. आमच्या लग्नाची तारीख.

दुसरा नियम असा की तपासणीची सूचना दर्शनी भागात लावायची. मी बुधवारी ती टाइप केली आणि तळमजल्यावर लिफ्टशेजारच्या फलकावर चारी कोपऱ्यांना टाचण्या टोचून लावली. उपकरणाचे नाव, प्रणाली, ऑनलाइन खात्याचे नाव, तपासणीची वेळ, असे नऊ रकाने होते. सातवा रकाना 'वापरलेले प्रमाण' असा होता. तो रिकामा सोडणं माझ्या हातून होणं शक्य नव्हतं. रिकाम्या रकान्याबद्दल मी दुकानदारांना नोटिसा दिलेल्या आहेत. खाली लिहिलं, 'सर्व संबंधितांनी अवलोकन करावे.' सही केली, तारीख घातली. सूचना इतकी देखणी झाली होती की मी लिफ्टने वर जाऊन ती बघायला पुन्हा खाली आलो.

रविवारी अकराला आमच्या घरात अध्यक्ष, विमावाले, दंतवैद्य आणि मेहुणा हजर होते. तिन्ही संगणकांना मी तारेने क्रमांकाचे बिल्ले बांधले होते. हातात खात्याचं प्रमाणित स्टॉपवॉच होतं. भाची आली, पाणी प्यायली, खुर्ची ओढून बसली.

तीन मिनिटं चाळीस सेकंद. तिन्ही उघडे.

दंतवैद्यांचं तोंड, जे ते दिवसभर इतरांना उघडायला सांगतात, ते स्वतःहून उघडलं होतं. मेहुणा भिंतीला टेकला.

"हे… हे कसं केलंस?" मी विचारलं.

"मामा, लिफ्ट यायला उशीर झाला," भाची म्हणाली. "तेवढ्यात खाली वाचलं."

"काय वाचलंस?"

"सातवा रकाना."

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, "कुठला सातवा रकाना?" बायको हात पुसत बाहेर आली. भाचीने मोबाइलवर काढलेला सूचनेचा फोटो तिला दाखवला. बायकोने तो शांतपणे वाचला. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. पण ती एवढंच म्हणाली, "तारीखही चुकीची आहे."

"कसली तारीख?"

"आपल्या लग्नाची. चौदा नाही, पंधरा. अकरा वर्षं मी रोज ही चुकीची तारीख टाइप करतेय. म्हटलं, कधीतरी तुमच्या लक्षात येईल."

अध्यक्षांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि सगळ्यांना एकदम कामं आठवली.

भाचीने जाण्यापूर्वी मला समोर बसवून समजावलं. "मामा, तिन्ही दारं चांगली आहेत. एकाकडे गर्दी जास्त म्हणून चोर जास्त, दुसऱ्याकडे गर्दी कमी, तिसऱ्याचं सगळं लोकांच्या डोळ्यांसमोर. फरक आहेत, पण तुला त्याने फार फरक पडत नाही. अपडेट वेळेवर कर, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेव. तिन्हींमध्ये अख्ख्या डिस्कला कुलूप लावायची सोय असते, ते लाव. पण लावायच्या आधी पुस्तकाची एक प्रत बाहेर काढ. आणि कुलूप लावताना ते अठ्ठेचाळीस आकडे देईल. पासवर्ड विसरलास तर तेवढीच एक सुटका असते. ते आकडे कागदावर लिहून कपाटात ठेव."

"कागदावर?" मी कडवट हसलो. "कागदानेच आज माझी अब्रू गेली."

"कागद कपाटात ठेव, मामा. फलकावर नको."

ती गेली. अपमान झालेला निरीक्षक काय करतो, याची तिला कल्पना नव्हती.

बायको सोमवारी पहाटेच उत्तरपत्रिका तपासायला दुसऱ्या गावी गेली, ती गुरुवारी संध्याकाळी येणार होती. मी रजा टाकली आणि कामाला लागलो. आमच्या खात्यात बाद झालेलं वजन नुसतं बाजूला ठेवत नाहीत. ते हातोड्याने विद्रूप करतात, म्हणजे पुन्हा कोणी वापरायला नको. बुधवार ते रविवार आमचा पासवर्ड उघड्यावर होता. म्हणजे त्या काळात जिथे जिथे पुस्तक होतं ती प्रत्येक जागा माझ्या दृष्टीने बाद. ऑनलाइन खात्यातली प्रत मी पुसली. 'कायमची पुसायची का?' असं त्याने तीनदा विचारलं आणि मी तीनदा ठामपणे हो म्हणालो. बायकोचा पेनड्राइव्ह त्या दिवसांत संगणकाला लावलेला होता. त्याच्यासाठी मी हातोडा आणला.

मग शेवटची, एकमेव, शुद्ध प्रत ज्या संगणकात होती त्याच्या डिस्कला मी कुलूप लावलं. पासवर्ड सव्वीस अक्षरांचा केला आणि तो कुठेही लिहिला नाही. मला धडा मिळाला होता ना! दिवसभर खोलीत फेऱ्या मारून मी तो पाठ केला.

राहिले अठ्ठेचाळीस आकडे. कचेरीत मूळ प्रमाण वजनांच्या तिजोरीला तीन किल्ल्या असतात आणि त्या तीन अधिकाऱ्यांकडे असतात. त्याच धर्तीवर मी आकड्यांचे तीन भाग केले, तीन पाकिटांत लाखेने बंद केले आणि अध्यक्ष, विमावाले व दंतवैद्य यांच्या हवाली केले. "कोणाच्याही हाती लागता कामा नये," असं प्रत्येकाला दोनदा बजावलं. घरी आलो तेव्हा मला बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं.

गुरुवारी बायको आली. पर्स खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "संगणक उघडून द्या हो. शेवटच्या प्रकरणाच्या दोन आकृत्या राहिल्यात. मग झालं."

मी खुर्चीत बसलो, बोटं ठेवली आणि माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. पासवर्डमध्ये एक चार होता आणि एक उद्गारचिन्ह होतं, एवढं मी आजही शपथेवर सांगतो. बाकीची चोवीस अक्षरं गेली ती गेली.

"पेनड्राइव्ह कुठे आहे?" बायकोने थोड्या वेळाने विचारलं.

मी तिला हातोड्याचं सांगितलं.

"आणि ऑनलाइन?"

मी तेही सांगितलं. ती उभी होती ती बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पर्समधून प्रकाशकाचं पत्र काढलं, तारीख बघितली आणि घडी करून परत ठेवलं. त्या दिवशी चौदा तारीख होती.

भाचीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, ते आकडे मिळव. ते नसतील तर मी काय, कोणीच काही करू शकत नाही. त्या कुलपाचं कामच ते आहे."

विमावाल्यांनी पाकीट लगेच दिलं, फक्त त्याआधी 'यापुढे या वस्तूची कसलीही जबाबदारी माझ्यावर राहणार नाही' अशा मजकुरावर माझ्या दोन सह्या घेतल्या. दंतवैद्य दोन दिवस परगावी होते. अध्यक्षांनी मात्र मान हलवली.

"ते पाकीट मी अध्यक्ष या नात्याने स्वीकारलं आहे. सभेच्या ठरावाशिवाय देता येत नाही."

"अहो, पाकीट माझं आहे!"

"होतं. आता ते इमारतीच्या दप्तरात आहे. शनिवारी सभा लावतो."

मी हताश होऊन शुक्रवारी पोलिसांच्या सायबर कक्षात गेलो. तिथल्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला.

"काय चोरीला गेलं?"

"पुस्तक. म्हणजे चोरीला नाही. आत आहे. पण उघडत नाही."

"कुलूप कोणी लावलं?"

"मी."

"संशयित कोण?"

मी तो रकाना पुन्हा वाचला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, फिर्यादी तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच?" मग म्हणाल्या, "घरी कोणी आहे का समजूतदार?" रिकाम्या रकान्यांबद्दल लोकांना नोटिसा देणारा मी, संशयिताचा रकाना रिकामा सोडून बाहेर पडलो.

घरी आलो तर बायको जमिनीवर बसली होती. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पट्टी ठेवून ती एक त्रिकोण काढत होती. शेजारी लिहिलं होतं, 'आकृती १'. सहाशे चाळीसपैकी पहिली. तिने माझ्याकडे वर बघितलं नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तिच्यासाठी पेन्सिलींना टोक करत बसलो. दुसरं काही मला येत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तळमजल्यावर सभा भरली. बायकोही आली आणि मागे भिंतीशी उभी राहिली. पाकीट परत देण्याचा ठराव मांडला गेला, त्यावर 'परत' म्हणावं की 'हस्तांतरित' म्हणावं यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि तो एकमताने मंजूर झाला. मी दोन पाकिटं छातीशी धरून दंतवैद्यांकडे वळलो. ते त्याच दुपारी परतले होते.

"पाकीट ना?" ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. "काळजीच करू नका. कोणाच्याही हाती लागता कामा नये म्हणाला होतात. मी त्याच दिवशी कागद फाडायच्या मशीनमध्ये घातलं. दोनदा."

कोणीतरी खुर्ची सरकवली आणि मी तिच्यात कोसळलो. बायकोकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हा तळमजल्यावरच्या टंकलेखिकाबाई उभ्या राहिल्या. या बाई कोर्टात छत्तीस वर्षं टंकलेखन करून निवृत्त झालेल्या. जिन्यात चपला काढू नयेत, दार आपटू नये, अशा त्यांच्या चिठ्ठ्या वाचून अख्खी इमारत त्यांना टरकून असते. आत्ता मात्र त्याच हात जोडून उभ्या होत्या.

"मला एक गुन्हा कबूल करायचा आहे," त्या म्हणाल्या.

सगळी सभा त्यांच्याकडे वळली.

"त्या बुधवारी मी फलकावरची सूचना वाचली. खाली लिहिलं होतं, सर्व संबंधितांनी अवलोकन करावे. मी अवलोकन केलं. खात्याचं नाव दिलं होतं, पासवर्ड दिला होता. मला वाटलं, बघून ठेवायचं असेल." त्यांनी घसा साफ केला. "आत पुस्तक होतं. एक पान वाचलं आणि मला थांबता येईना. शाळेत भूमितीने मला इतकं रडवलं होतं की मी ती अर्ध्यावर सोडली. इथे मला पहिल्यांदा कळलं की समांतर रेषा का भेटत नाहीत. मग मी ते सगळं उतरवून घेतलं आणि छापलं. रविवारी सूचना निघाली आणि मला कळलं की मी चोरी केली आहे. आठवडाभर मला अन्न गोड लागलेलं नाही."

त्यांनी खुर्चीखालून एक गठ्ठा काढला. तीनशे बारा पानं, दोऱ्याने शिवलेली.

"आणि संगणकात आहे का?" भाचीने विचारलं. ती माझ्याबरोबर आली होती.

"आहे की. सगळं आहे."

"तुमच्या संगणकात कुठली प्रणाली आहे?"

"ते मला काय माहीत? पुतण्याने त्याच्या लग्नाच्या वेळी दिला होता. त्याचं लग्न होऊन सतरा वर्षं झाली."

"अपडेट कधी केलंत?"

"ते काय असतं?"

"आणि पासवर्ड?"

"मी एकटी राहते, मला पासवर्ड कशाला?"

भाचीने डोळे मिटून घेतले. सगळ्या इमारतीतला सगळ्यात असुरक्षित संगणक, आणि अकरा वर्षांचं काम त्यातच सुखरूप होतं! विंडोज, मॅक आणि लिनक्सवाले तिघेही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले.

बायको पुढे आली. तिने गठ्ठा घेतला, चाळला आणि एका पानावर थांबली. "ही लाल खूण कसली?"

"कोन ब आणि कोन क यांची अदलाबदल झाली आहे," बाई घाबरत म्हणाल्या. "अशा सत्तेचाळीस सापडल्या. माफ करा, छत्तीस वर्षांची सवय आहे."

बायकोने ते पान नीट पाहिलं, आणि तीन दिवस न रडलेली माझी बायको बाईंचा हात धरून रडली. नंतर दोघी तिथेच शेजारी शेजारी बसल्या आणि पानं उलटू लागल्या. सभा संपल्याचं कोणी जाहीरही केलं नाही.

मी गठ्ठ्याजवळ घुटमळत होतो. बाईंनी वर बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्हाला यातलं कुठलं प्रकरण आवडलं?"

मी आठवून बघितलं. अकरा वर्षांत मी या पुस्तकासाठी टेबल आणलं होतं, दिवा आणला होता, कुलूप तर लावलंच होतं. मी त्याचं एकही पान वाचलं नव्हतं. जी स्वतःला चोर म्हणत होती तिने तीनशे बारा वाचली होती. बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती पान उलटत होती आणि त्या पानाचा आवाज मला फार मोठा वाटला. ईमेल, सातवा रकाना, कागद फाडायचं मशीन, या सगळ्या धक्क्यांतून मी सावरलो. या एका प्रश्नातून अजून सावरलेलो नाही.

सत्तेचाळीस चुका दुरुस्त होऊन, दोन राहिलेल्या आकृत्या पुऱ्या होऊन पुस्तक एकोणीस तारखेला प्रकाशकाकडे पोचलं. मी बाईंकडून गठ्ठा मागून घेतला आणि रोज कचेरीतून आल्यावर वाचू लागलो. लपूनछपून नाही, समोर बसून. पान दोनशे चारवर नववं उदाहरण आलं:

'एक वजनमापे निरीक्षक रोज घरातून निघून तीनशे मीटर पूर्वेला चालतो, कोपऱ्यावर वळतो आणि चारशे मीटर उत्तरेला चालून कचेरीत पोचतो. त्याच वाटेने तो परत येतो. मधल्या मोकळ्या मैदानातून सरळ जायला त्याला कोणी मना केलेलं नाही. तर तो रोज किती अंतर जास्त चालतो?'

मी त्या पानावर बोट ठेवून उदाहरण पुन्हा वाचलं. इतकी वर्षं मी तिच्या पुस्तकात होतो आणि मलाच पत्ता नव्हता.

मी पट्टी घेतली, कागद घेतला, काटकोन त्रिकोण काढला. सरळ वाट पाचशे मीटर निघाली. सातशेतून पाचशे गेले. पुस्तक वाचून संपलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर जाताना लिफ्टशेजारच्या फलकावर मी एक सूचना लावली, चारी कोपऱ्यांना टाचण्या टोचून: 'पुस्तक पूर्ण वाचले. पान २०४, उदाहरण ९ सोडवले. उत्तर दोनशे मीटर. सर्व संबंधितांनी अवलोकन करावे.' सही, तारीख. कुठलाही रकाना रिकामा नव्हता. मग मी पहिल्यांदाच मैदानातून सरळ कचेरीत गेलो.

संध्याकाळी आलो तेव्हा सूचनेखाली लाल पेन्सिलीने, बायकोच्या अक्षरात, दोन ओळी लिहिलेल्या होत्या:

'उत्तर चारशे.
घरी परत यायचं विसरलात.'